डोळ्यांत वाळू

मराठीत डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस लबाड ठरतो. जर्मनीतली मुलं मात्र रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून अशाच एका माणसाची वाट बघतात. तो येतो, झोळीतली चमचमती वाळू उधळतो आणि मुलं डोळे चोळत खुशाल झोपायला जातात. सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडं दिसली, की समजायचं: रात्री स्वारी येऊन गेली!

त्याचं नाव झांडमेन्शेन. आपल्या बागुलबुवाच्या चालीवर त्याला वाळूबुवा म्हणू. फरक इतकाच, की बागुलबुवा भीती घालून झोपवतो आणि हा लाडीगोडीने. टोकदार टोपी, पांढरी बोकडदाढी आणि उंची जेमतेम २४ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीहूनही बुटका.

युरोपातल्या लोककथांत हा बुवा जुनाच. टीव्हीवर मात्र तो आला चुरशीतून. १९५९ साली जर्मनीचे दोन तुकडे झालेले होते. पश्चिम बर्लिनमध्ये मुलांसाठी वाळूबुवाचा कार्यक्रम घाटतोय, अशी कुणकुण पूर्वेकडच्या टीव्हीवाल्यांना लागली आणि एकच धांदल उडाली. गेरहार्ड बेरेंट यांनी बाहुली घडवली, वोल्फगांग रिख्टर यांनी गाण्याला चाल दिली आणि २२ नोव्हेंबर १९५९ रोजी पूर्वेचा वाळूबुवा पडद्यावर अवतरला. पश्चिमेचा आला १ डिसेंबरला. नऊ दिवसांनी शर्यत हुकली.

सुरुवातीच्या भागात हा बुवा दमून बर्फात, रस्त्याच्या कडेलाच झोपी गेला. झालं! मुलांची पत्रं येऊ लागली: तू आमच्याकडे ये, माझ्या पलंगावर झोप. बाहुलीला थंडी वाजत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आणि का सांगावं? खरी हातचलाखी तर पुढेच आहे. वाळूबुवाला ना दोरी, ना आत कुणाचा हात. बाहुली उभी करायची, एक चित्र घ्यायचं. तिचा पाय केसभर पुढे सरकवायचा, पुन्हा एक चित्र. तिथल्या टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं सरकत, म्हणजे मिनिटाला १५००. प्रत्येक चित्र दोनदा वापरलं, तरी एका मिनिटासाठी बाहुलीला साडेसातशे वेळा हात लावायचा. त्यात टेबलाला धक्का लागायचा नाही, दिवा हलायचा नाही. एवढं सगळं झालं, की निर्जीव बुवा ऐटीत चालत येतो. दोन चित्रांमधली चाल तिथे नसतेच, ती बघणाऱ्याचा मेंदू भरून काढतो. धूळ म्हणाल तर ही! पण आपण ती हौसेने डोळ्यांत घालून घेतो.

बुवा स्वतः अवाक्षर बोलत नाही. तो येतो, एक छोटी गोष्ट दाखवतो, वाळू उधळतो आणि जातो. पण त्याचं येणं बघावं! कधी मोटारीतून, कधी आगगाडीने, कधी फुग्यातून, हेलिकॉप्टरने, रॉकेटने. तो पूर्व जर्मनीतल्या ‘पायोनियर’ या बालसंघटनेच्या शिबिरात गेला आणि सैनिकांनाही भेटून आला. सरकारी टीव्हीवर वाळूबरोबर थोडी सरकारी धूळही उडायचीच. पण १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली आणि याच भटकंतीला वेगळा रंग चढला. बुवा पार चंद्रापर्यंत जात होता, आणि त्याच्याकडे बघणाऱ्या आईबापांना शेजारच्या गल्लीत जायची सोय उरली नव्हती. टीव्हीच्या लहरींना मात्र भिंत अडवू शकली नाही. पश्चिमेतली पोरंसुद्धा पूर्वेचा बुवा बघत.

ऑगस्ट १९७८ मध्ये तर तो खरोखरच अंतराळात गेला. झिगमुंड येन हा पहिला जर्मन अंतराळवीर सोव्हिएत यानातून निघाला, तेव्हा त्याच्या सामानात वाळूबुवा होता. सहकारी वालेरी बिकोव्स्कीकडे माशा नावाची बाहुली होती. सल्यूत-६ स्थानकावर अंतराळवीरांनी दोघांचं चक्क लग्न लावलं! एकेका पावलासाठी ज्याला माणसाचा हात लागे, तो बुवा तिथे कुणी न धरता तरंगत होता.

१९८९ मध्ये पश्चिम बर्लिनच्या वाहिनीने आपला वाळूबुवा बंद केला. त्याच वर्षी भिंत पडली, पाठोपाठ पूर्व जर्मनी हा देशच नकाशावरून गेला आणि १९९१ च्या अखेरीस त्याचा टीव्हीही. आता पूर्वेच्या बुवालाही निरोप मिळणार म्हटल्यावर लोक खवळले. तो राहिला. देश हरला, त्याचा बुवा जिंकला. आता साऱ्या जर्मनीत तोच एक वाळूबुवा.

आजही मुलांच्या किका वाहिनीवर सातला दहा कमी असताना तो येतो आणि मूठ उधळतो. काचेतून एकही कण बाहेर येत नाही, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. तरी हात आपसूक डोळ्यांकडे जातो.