मुक्त शैक्षणिक संसाधने आणि विकी प्रकल्प

मुक्त शैक्षणिक संसाधने म्हणजे प्रताधिकारमुक्त असलेले अथवा मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेले अध्ययन-अध्यापनाचे साहित्य होय. ही संज्ञा २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत स्वीकारण्यात आली. असे साहित्य आणि विकिपीडिया, विकिस्रोत यांसारखे स्वयंसेवी प्रकल्प यांच्यातील देवाणघेवाण परवान्यांच्या सुसंगतीवर अवलंबून असते.

परवान्याचा प्रश्न

विनामूल्य साहित्य हे मुक्त असतेच असे नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. परंतु त्यांचे हक्क राखीव असल्याने त्यांतील मजकूर विकिपीडियावर जसाच्या तसा घेता येत नाही. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेयनिर्देश-समवितरण’ परवान्याखाली असतो. त्यामुळे व्यावसायिक वापरास किंवा बदल करण्यास मनाई असलेला मजकूर तेथे चालत नाही. याउलट, गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केल्याने तो विकिस्रोतावर आणण्याचा मार्ग मोकळा झाला.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मुकुंदराज आणि दासोपंत यांच्याशी निगडित स्थान आहे. ‘विवेकसिंधु’सारख्या ग्रंथांची मूळ संहिता प्रताधिकारमुक्त असल्याने ती विकिस्रोतावर ठेवता येते. मात्र आधुनिक आवृत्तीतील प्रस्तावना व टीपा यांवर संपादकाचा प्रताधिकार असू शकतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो.

जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. सोबत गेलेल्या मुलांची शाळा काही महिने तुटते. अशा मुलांसाठी मुक्त परवान्याचे साहित्य विशेष उपयुक्त ठरू शकते, कारण शिक्षकाला कोणाचीही वेगळी परवानगी न घेता, केवळ श्रेय देऊन, त्याच्या प्रती काढता येतात, धडा सोपा करता येतो आणि तो छापून वा भ्रमणध्वनीवर साठवून देता येतो. किविक्स या मुक्त प्रणालीद्वारे विकिपीडिया आंतरजालाविनाही वाचता येतो.

शिक्षकांचा सहभाग

शिक्षकाने स्वतः तयार केलेले नकाशे, छायाचित्रे व ध्वनिफिती सुसंगत परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढविल्यास त्या कोणत्याही भाषेतील विकिपीडियात वापरता येतात. परवान्याचा उल्लेखच नसल्यास साहित्य कायद्याने राखीव मानले जाते आणि निर्मात्याची इच्छा असूनही ते इतरांना वापरता येत नाही.