जुन्या यंत्राची पारख आणि मराठी क्रियापद

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील भातशेती मुख्यतः सावित्री, गांधारी आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी, तसेच डोंगरउतारावरील खाचरांतून होते. खाचर लहान, बांध उंच, वाट अरुंद. त्यामुळे मोठा ट्रॅक्टर सपाटीच्या शेतांपुरताच उपयोगी पडतो. अन्यत्र बैलजोडीची जागा घेण्यास योग्य ठरतो तो मागून चालत हाकावयाचा पॉवर टिलर. १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिलेली बंगलोरची व्ही. एस. टी. आणि १९७३ साली स्थापन झालेली केरळातील कॅम्को यांनी हे यंत्र आपल्याकडे रूढ केले. एकच आडवे सिलिंडर, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन, शक्ती बारा-तेरा अश्वशक्तीची. रचना एकंदरीत सोपी. नवे यंत्र घेणे दोन-तीन खाचरांच्या धन्याला परवडत नाही, म्हणून तो जुने शोधतो. चिखलणीचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत यंत्र अडले तर राबातील रोप वाढून बसते, लावणी लांबते आणि वर्षाचे भात उणे होते.

हा व्यवहार बव्हंशी बोलण्यावर चालतो, आणि येथेच भाषेच्या अभ्यासकाला विचारास जागा आहे. यंत्राच्या भागांची नावे जवळजवळ सर्व उसनी आहेत: पिस्टन, रिंग, बेअरिंग, नोझल, वायसर. पाठ्यपुस्तकांनी पिस्टनला 'दट्ट्या' हा चांगला शब्द दिला. पण दुरुस्तीच्या ठिकाणी तो रुळला नाही, आणि त्याबद्दल फारसा शोक करण्याचे कारण मला दिसत नाही. कारण यंत्राचा रोग सांगितला जातो तो नामांनी नव्हे, क्रियापदांनी; आणि ती क्रियापदे अस्सल मराठी आहेत. इंजिन तेल 'खाते', चढावर 'दम टाकते', गिअर 'उतरतो', बेअरिंग 'वाजते'. माणसाच्या व गुराच्या शरीरासाठी असलेली शब्दयोजनाच लोखंडाला लावलेली आहे.

'धरणे' या धातूचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 'इंजिन कॉम्प्रेशन धरत नाही' म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असून दाब निसटतो. 'इंजिन धरले' म्हणजे मात्र तेलाअभावी किंवा अतितापाने पिस्टन सिलिंडरात आवळून बसला, जसे आपण 'कंबर धरली' म्हणतो. पहिल्या वाक्यात धातू सकर्मक, दुसऱ्यात अकर्मक. दोष परस्परविरुद्ध, आणि दुरुस्तीचा खर्चही निराळा. पहिल्या दोषाची परीक्षा ग्राहकाला स्वतः करता येते: दाब सोडण्याची कळ न उघडता हँडल फिरवावे, सशक्त इंजिन हाताला जोरात अडवते, झिजलेले मुकाट फिरते. ही परीक्षा सकाळी, इंजिन थंड असतानाच करावी. आपण पोहोचण्यापूर्वी ते सुरू करून तापवून ठेवलेले असल्यास झीज झाकली जाते. म्हणून आधी हात लावून पाहावे. सुरू झाल्यावर निळा धूर सतत येत राहिला तर तेल जळत आहे. काळा आला तर डिझेल जास्त पडते किंवा हवेची जाळी चोंदली आहे. थंडपणी थोडा पांढरा धूर क्षम्य, तापल्यावरही टिकला तर संशय घ्यावा.

सर्वांत फसवे वाक्य निराळेच आहे: 'इंजिनाचे काम केलेले आहे.' आमच्या घरच्या पोलादपुराकडील खाचरांसाठी २०२२ साली टिलर पाहिला, तेव्हा विकणाऱ्याचे हेच शब्द होते. मी भाषाविज्ञानाचा अध्यापक असूनही ते वाक्य जसेच्या तसे स्वीकारले. वस्तुतः त्यात कर्ता नाही, काळ नाही, आणि 'काम' हे कर्म इतके सैल आहे की त्यात काहीही मावते. गॅरेजमध्ये 'हाफ काम' म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट. 'फुल काम' म्हणजे क्रँक, बेअरिंग आणि बोअर किंवा स्लीव्हसुद्धा. टिलर पहिल्याच चिखलणीत तिसऱ्या दिवशी थांबला. कारागिराने इंजिन उघडले आणि म्हणाला, "सर, हे खोललेलं आहे, पण आत बदललेलं काहीच नाही." 'खोलणे' आणि 'बदलणे' यांतील अंतर त्या वर्षी आम्हाला भाड्याच्या बैलजोडीने भरून काढावे लागले. अकर्तृक वाक्य ऐकताच कोणी, केव्हा, कोणता भाग, असे विचारून ते सकर्तृक करून घ्यावे आणि सुट्या भागांचे बिल मागावे.

२२ जुलै २०२१ च्या महापुराने या बोलीत आणखी एका प्रयोगाचे महत्त्व वाढविले: 'पाण्यात गेलेले' यंत्र. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. न फिरविता नोझल काढून पाणी बाहेर काढले, तेल दोन-तीनदा बदलले, तर यंत्र वाचते. बुडालेल्या यंत्रावर रंग दिला तरी गाळ राहतोच: नटांच्या मागे, दिव्याच्या काचेआड, पत्र्याच्या दुमडीत. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळलेले आहे. ते पुराचेच असेल असे नाही, गॅस्केटही गेलेले असू शकते. पण दोन्ही पक्षी इंजिन उघडावे लागणार हे निश्चित, आणि तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

टिलरऐवजी ट्रॅक्टर घेणाऱ्याने कागदही वाचावेत. सातबाऱ्यावरील 'बोजा' हा शब्द येथेही भेटतो. नोंदणीपुस्तकावर बँकेचे नाव असल्यास तिच्या सहीचा नमुना ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. 'बोजा उतरला आहे' असे तोंडी सांगितले जाते, तेव्हाही कर्ता गाळलेलाच असतो.