तिसरा हात

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की शाळेच्या प्रयोगशाळेत राळेचा वास येऊ लागतो. कोणी पाण्याची टाकी भरल्याची सूचना देणारा भोंगा तयार करत असतो, तर कोणी अंधार पडताच लागणारा दिवा. अशा वेळी मुलांच्या हातांकडे नीट पाहावे. उजव्या हातात तापलेले सोल्डरिंग आयर्न असते, डाव्या हातात डाखाची तार असते. मग जोडायच्या दोन तारा कोणी धरायच्या? एखादी मैत्रीण त्या धरते आणि तिची बोटे भाजतात. मदतीला कोणी नसेल, तर डाखाची तार दातांत धरली जाते! या तारेत बहुधा शिसे असते आणि शिसे हे विष आहे.

एवढी कसरत करून दिलेला डाख पुष्कळदा कच्चाच राहतो. घरी लागलेला दिवा परीक्षकांसमोर लागत नाही. आपण म्हणतो, ‘याचा हात चांगला नाही.’ मुलाच्या मनावर तो शिक्का बसतो. आम्हांला असे वाटते, की बहुतेक वेळा दोष हाताच्या कसबाचा नसतो, हातांच्या संख्येचा असतो. दोन हातांना तिसऱ्या हाताची गरज असते आणि तो घरच्या वस्तूंतून करता येतो.

तुर्भ्याच्या शाळांतील शिक्षकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ही औद्योगिक वसाहत शाळांच्या शेजारीच आहे. कारखान्यात एकाच मापाचे शेकडो भाग जोडायचे असले, की प्रत्येक भाग बोटांत धरून कोणी काम करत नाही. आधी तो भाग धरून ठेवणारा साचा बनवतात. त्याला ‘जिग’ किंवा ‘फिक्स्चर’ म्हणतात. ज्यांचे पालक अशा कारखान्यांत काम करतात, त्या विद्यार्थ्यांना घरी चौकशी करायला जरूर सांगावे.

हलल्याने काय बिघडते?

नेहमीच्या डाखाच्या तारेत सुमारे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. हे मिश्रण १९० अंश सेल्सियसच्या आसपास पूर्ण वितळते आणि थंड होताना १८३ अंशांना पूर्ण घट्ट होते. या दोन तापमानांच्या मधल्या क्षणी ते पातळही नसते आणि घट्टही नसते. काही स्फटिक तयार झालेले असतात आणि त्यांच्यामध्ये द्रव असतो. नेमक्या याच वेळी तार हलली, तर डाखात बारीक भेगा पडतात आणि त्याचा पृष्ठभाग खरबरीत, निस्तेज दिसतो. अशा सांध्यातून वीज कधी वाहते, कधी वाहत नाही.

आता हाताचा विचार करू. निरोगी माणसाचा हातही पूर्ण स्थिर नसतो. त्यात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप होत असतो. तो आजार नव्हे, स्नायूंचा स्वाभाविक गुण आहे. म्हणूनच बारीक काम करणारे कारागीर मनगट टेकवूनच काम करतात.

स्थिर धरणे म्हणजे काय?

टेबलावर एक काडेपेटी ठेवा. कोणतीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते. ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकू शकते. तसेच या तिन्ही दिशांच्या आसांभोवती ती फिरू शकते. वस्तू स्थिर करायची, म्हणजे या सहा हालचाली रोखायच्या.

त्यासाठी वस्तूला चोहोबाजूंनी आवळण्याची गरज नसते. खालून तीन बिंदूंचा, एका बाजूने दोन बिंदूंचा आणि टोकाला एका बिंदूचा आधार पुरतो. मग वस्तू त्या सहा बिंदूंवर हलकेच दाबून धरायची. फळीवर सहा टाचण्या किंवा चुका ठोकून काडेपेटी बसवून पाहा. ती काढून पुन्हा ठेवली, तरी नेमकी त्याच जागी बसते. ‘जागा ठरवणे’ आणि ‘दाबून धरणे’ ही दोन वेगळी कामे आहेत, हे यातून मुलांच्या ध्यानात येईल.

करून पाहू या

१. चिमट्यांची जोडी : तुर्भ्याच्या फळबाजारात आंब्याच्या लाकडी पेट्या येतात. तशा पेटीची एक फळी घ्या आणि ती फरशीच्या तुकड्यावर चिकटवा, म्हणजे बूड जड होईल. त्यावर कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे समोरासमोर, पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर चिकटवा. दोन्ही तारा चिमट्यांत धरून त्यांची टोके मधल्या मोकळ्या जागेत एकमेकांना पीळ देऊन जोडा. चिमटे लाकडीच हवेत. प्लास्टिक वितळते. धातूचा चिमटा सांध्याजवळ लावला, तर तो उष्णता ओढून घेतो आणि सांधा तापतच नाही. तांबे लाकडापेक्षा दोन हजार पटींहूनही अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते. हाच दोष कधी गुण ठरतो. ट्रान्झिस्टरचा पाय जोडताना सांधा आणि ट्रान्झिस्टर यांच्या मध्ये धातूचा चिमटा लावला, तर उष्णता आतल्या नाजूक भागापर्यंत पोहोचत नाही.

२. तारेचा हात : तांब्याच्या जाड, एकसंध तारेच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप बसवा आणि दुसरे टोक फळीत रोवा. तार हवी तशी वाकते व तशीच राहते. ती लुळी पडत असेल, तर दोन उपाय आहेत. व्यास दुप्पट केला, तर ताठपणा सोळापट होतो. लांबी निम्मी केली, तर तेवढ्याच वजनाने येणारा झोल आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून हात शक्य तितका आखूड ठेवावा.

३. पक्कड आणि रबर : सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे कापून पकडीच्या मुठींवर चढवा. पकडीचा जबडा मिटलेला राहतो आणि एक छोटा शेगडा तयार होतो. जाड खिळा किंवा प्लगची पिन धरायला तो उत्तम.

४. एलईडीची फळी : आकाशकंदिलासाठी दहा एलईडी ओळीने जोडायचे आहेत. सुमारे १२ मिलिमीटर जाड फळीला आलेखपत्राच्या आधारे समान अंतरावर ५ मिलिमीटरची छिद्रे पाडा. एलईडी डोके खाली करून त्यांत बसवा. बुडाची कड छिद्रावर अडते. आता फक्त वर निघणे आणि स्वतःभोवती फिरणे, या दोनच हालचाली उरतात. पाय वाकवून शेजारच्या पायाला टेकवले, की फिरणेही थांबते. हाच आपला ‘जिग’.

रंगवताना

येथे नियम थोडा बदलतो. जो भाग रंगवायचा नाही, तो धरावा. पेणच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती पाटावर असते. रंगवताना मूर्तीला हात न लावता पाट फिरवता येतो. आपणही मणी, चाके किंवा प्रतिकृतीचे छोटे भाग खराट्याच्या हिरावर बसवावेत आणि हीर अर्ध्या बटाट्यात खोचावेत. रंग वाळेपर्यंत भाग एकमेकांना चिकटत नाहीत. वाळूने भरलेली वाटीही चालते. थर्माकोलमध्ये हीर सहज रुततात, पण थिनरने थर्माकोल विरघळतो आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळून धूर सोडतो, हे विसरू नये.

काळजी

सोल्डरिंग शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. खिडक्या उघड्या असाव्यात, कारण राळेच्या धुराने श्वसनमार्गाचा दाह होतो आणि दम्याच्या मुलांना त्रास वाढतो. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मगच डबा उघडावा. शिसेविरहित तार मिळाली तर तीच वापरावी. मात्र ती वितळायला सुमारे २२० अंश तापमान लागते आणि तिचा चांगला डाखही थोडा निस्तेज दिसतो. तेव्हा सांधा केवळ नजरेने न तपासता हलकेच ओढून पाहावा.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा पाया आहे. पण हाताने शिकायचे, तर हातांना साधने हवीत. पुढच्या प्रदर्शनापूर्वी एक तास काढून प्रत्येक गटाकडून आधी ‘तिसरा हात’ बनवून घ्यावा आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवावे. ज्याचा ‘हात चांगला नाही’ असे आपण समजत होतो, त्या मुलाचा डाख मग पुन्हा एकदा ओढून पाहावा.