रिमिक्स जवळ बाळगणे गुन्हा आहे काय?

एप्रिल जवळ आला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतून भीमगीतांचे डीजे रिमिक्स घुमू लागतात. जुन्या कॅसेटमधला गायकाचा आवाज उचलायचा, त्याखाली नवा ठेका भरायचा आणि पेन ड्राईव्हवरून गाणे गावभर करायचे, अशी ही रीत. मग पालकांना प्रश्न पडतो : मुलाच्या मोबाईलमध्ये अशी विनापरवाना गाणी सापडली, तर केस होईल काय?

आपला कॉपीराईट कायदा १९५७ चा. हक्कभंग कशाने होतो, ते त्याचे कलम ५१ सांगते. परवानगीशिवाय प्रत बनवणे, विकणे, भाड्याने देणे, धंद्यासाठी किंवा मालकाचे नुकसान होईल इतक्या प्रमाणात वाटणे, या गोष्टी त्यात येतात. नुसते जवळ बाळगणे त्यात नाही. शिवाय कलम ५२ खासगी वापराला वाजवी मर्यादेत सूट देते. तेव्हा घरी गाणे ऐकणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

पण म्हणून ते रिमिक्स कायदेशीर ठरत नाही. तेच गाणे पैसे घेऊन दहाजणांना भरून दिले की धंदा झाला, आणि मिरवणुकीत लोकांपुढे वाजवणे हा काही खासगी वापर नव्हे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

'जुनी गाणी नव्या आवाजात येतातच की,' असे काहीजण म्हणतील. १९८० नंतर टी-सीरीजने अशा 'व्हर्शन' कॅसेटी काढल्या, त्या कायद्यातील एका सवलतीच्या आधारे. २०१२ च्या दुरुस्तीने ती सवलत कडक केली. आता मूळ ध्वनिमुद्रणाला ५ वर्षे व्हावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते आणि दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. त्यातही गाणे नव्याने गाऊन घ्यावे लागते. रिमिक्सवाला तर मूळ ध्वनिमुद्रणच उचलतो. त्याला ही सवलत लागूच नाही.

एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले; म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. कंपनीला हक्क लिहून दिले, तरी रॉयल्टीतला कवीचा वाटा बुडत नाही, ही तरतूदही २०१२ चीच. ज्या शाहिरांनी गावोगाव फिरून समाज जागा केला, त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी हा वाटा पोहोचतो?

म्हणून मंडळांनी डीजे ठरवतानाच त्याच्याकडे परवानगीचा कागद मागावा. गाण्याआधी कवीचे आणि गायकाचे नाव माईकवरून सांगावे. मांडव, रोषणाई, फुले यांसाठी आपण हिशेबात रक्कम धरतो. तशी एक रक्कम शब्दांच्या धन्यासाठीही धरावी.