पायांखालची वाट

चोपडेच्या पुलापासून शापोरा नदीचा उत्तर काठ धरावा, मोरजीच्या तेंबावर समुद्र भेटला की उजवीकडे वळावे आणि आश्वे, मांद्रे, हरमल मागे टाकून केरीला तेरेखोल नदीपाशी थांबावे, एवढाच आमचा परवाचा बेत होता. पेडण्याचा हा किनारा मोटारीने पाहावयास फार वेळ लागत नाही. आम्हांला चालत सारा दिवस लागला. परंतु मोटारीतून जे कधी दिसले नव्हते ते त्या दिवशी दिसले.

नदीकाठी खाजनाचा बांध लागतो. भरतीच्या दाबाने मानशीची दारे मिटतात, ओहोटीला ती आपोआप उघडतात, आणि खारे पाणी बाहेर राहते म्हणून आत भात पिकते. हा बांध शेताचे कुंपण आहे, तशीच ती गावाची पायवाटही आहे. माणसांची ये-जा असेल तर कुर्ल्यांनी पोखरलेले भोक वेळीच नजरेस पडते. ती थांबली की भगदाड पडल्यावरच गावाला जाग येते.

समुद्रकाठीही तेच. वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल पसरलेली असते व ती वाळू धरून ठेवते. मोरजी आणि मांद्रे, तसेच काणकोणातील आगोंद व गालजीबाग, ही कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत नमूद आहेत. तथापि टेकडी सपाट झाली काय, किंवा विणीच्या हंगामात रात्रभर दिवे जळतात काय, हे अधिसूचना पाहू शकत नाही. ते पायी फिरणाऱ्या माणसालाच दिसते.

म्हणूनच वाटेत एके ठिकाणी जुनी पाणंद तारेच्या कुंपणाने बंद केलेली आढळली, तेव्हा आम्हांला केवळ वळसा घ्यावा लागल्याचे दुःख झाले नाही. ज्या वाटेने रापणकार होडीकडे जात, ती वाट बुजली म्हणजे किनाऱ्यावरील गावाची नजरच बुजली. विकासाला आमचा विरोध नाही. परंतु पाहुण्याला जागा देताना घरच्या माणसाने उंबऱ्याबाहेर उभे राहावे, ही कसली रीत?

आमचे मागणे साधे आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक पंचायतीने आपल्या पाणंदी, बांधावरच्या वाटा व समुद्राकडे उतरणारे रस्ते नकाशावर मांडावेत, ग्रामसभेपुढे ठेवावेत आणि अडलेले मोकळे करावेत. ग्रामस्थांनीही वर्षातून एकदा तरी त्या वाटा स्वतः चालून पाहाव्यात.

सायंकाळी केरीच्या धक्क्यावरून पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसला. 15 ऑगस्ट 1954 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी त्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला होता. परक्या सत्तेने आखलेली सीमा त्यांनी पायी ओलांडली. त्याच भूमीत आपल्याच समुद्रापर्यंत जाण्यासाठी आज कोणाची परवानगी मागावी लागू नये, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.