भट्टीवाचून पाव

भाताची झोडणी आटोपली आणि वालाच्या शेंगा भरल्या, की आमच्या रायगड जिल्ह्यात पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ भरायचे, तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगांतल्याच पाण्याची वाफ होते, ती आत कोंडते आणि अर्ध्या तासात शेंगा शिजतात.

गेल्या थंडीत तुडीलला अशीच पोपटी लावली होती. सहावीत शिकणारी माझी भाची जाळाकडे पाहत म्हणाली, "मामा, मडक्यात शेंगा भाजतात, मग पाव का नाही भाजणार? आपल्याकडे भट्टी नाही म्हणून काय झाले?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही त्याच रात्री कामाला लागलो.

पाव किलो कणीक, चहाचा एक चमचा यीस्ट, चिमूटभर मीठ, थोडा गूळ आणि माठातले पाणी घेऊन पीठ मळले. हवेत गारवा होता, म्हणून पिठाचे पातेले मी घोंगडीत चांगले गुंडाळून ठेवले. दोन तासांनी पाहतो तो पीठ जसेच्या तसे! आई हसून म्हणाली, "अरे, घोंगडी कुठे ऊब देते? ऊब आपल्या अंगाची. गार पीठ गुंडाळलेस, ते गारच राहणार."

मित्रहो, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला हा धडा स्वयंपाकघरात मिळाला! घोंगडी उष्णतेची दुर्वाहक आहे. तिच्या लोकरीत अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी आतून बाहेर किंवा बाहेरून आत जाऊ देत नाही. ती उष्णता निर्माण मात्र करीत नाही. म्हणून तर बर्फाची लादीही भुशात गुंडाळून ठेवतात.

पण पिठाला ऊब हवीच कशाला? यीस्ट म्हणजे अतिसूक्ष्म, एकपेशीय, सजीव बुरशी. आंबणे हे सजीवांचे काम आहे, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास दाखवून दिले. यीस्ट पिठातील साखर खाते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडते. गोव्यातील पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालीत. तिच्यातही हेच यीस्ट आपोआप वाढलेले असते. यीस्टला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. ढोबळमानाने, तापमान १० अंशांनी उतरले की त्याचे काम निम्म्यावर येते, आणि ५५ ते ६० अंशांपलीकडे यीस्ट मरते. म्हणजे गार पाण्याने ते पेंगते आणि कढत पाण्याने प्राणास मुकते. हाताला जेमतेम कोमट लागेल असे पाणी उत्तम.

वायू तयार झाला, तरी तो धरून ठेवायला पिशवी हवी. ती गव्हाच्या पिठात असते. कणकेचा छोटा गोळा पाण्याखाली धरून चोळत राहा. पांढरे पाणी, म्हणजे स्टार्च, निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. हे ग्लुटेन नावाचे प्रथिन. त्याचे पापुद्रे वायूच्या बुडबुड्यांना कोंडून धरतात. नाचणीत आणि तांदळात ग्लुटेन नसते, म्हणून त्यांचा पाव फुगत नाही. आणि त्यांची भाकरी थापताना चिरू नये म्हणून आपल्या आया पिठाची उकड काढतात. गरम पाण्याने स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनची उणीव थोडीफार भरून काढतो. कणकेतला कोंडा पौष्टिक खरा, पण तो हे पापुद्रे तोडतो. त्यामुळे कणकेचा पाव मैद्याच्या पावापेक्षा जड होणार, हे धरूनच चालावे.

दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याने पीठ मळले आणि मग घोंगडीत ठेवले. या वेळी घोंगडीने आपले काम चोख केले. दीड तासात पीठ दुप्पट झाले!

आता भाजणी. जाड बुडाच्या पातेल्यात पाव डबा ठेवून ते चुलीवर चढवले. पाव बुडाशी कोळसा, वरून पांढराफटक आणि मध्ये कच्चा. असे का व्हावे? बुडाला उष्णता धातूतून वहनाने थेट मिळत होती; वरच्या बाजूला केवळ गरम हवा होती.

उपाय आईनेच सांगितला. काकडीचे धोंडस भाजताना कोकणात खाली आणि वर, दोन्हीकडे निखारे ठेवतात. आम्ही पातेल्यात दोन बोटे वाळूचा थर दिला, त्यावर तिवई आणि तिवईवर डबा ठेवला. वाळूच्या कणांमध्ये हवा असल्यामुळे उष्णता सावकाश आणि सारखी वर येते. झाकणावर निखारे पसरले. तापलेल्या झाकणातून प्रारणाने उष्णता खाली पावावर पडू लागली.

आत काय घडत असेल? पिठाचे तापमान २७ अंशांवरून ९७ अंशांवर गेले, तर चार्ल्सच्या नियमाप्रमाणे बुडबुड्यांतला वायू जवळजवळ पाव पटीने प्रसरण पावतो. शिवाय वाफ तयार होते. पाव टम्म फुगतो आणि त्याच वेळी ग्लुटेन व स्टार्च घट्ट होऊन तो आकार कायम ठेवतात. आतला ओलावा असेतो गाभ्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, कारण प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्च होते. वरचा थर मात्र कोरडा पडून १४० अंशांपलीकडे तापतो. तेथे प्रथिने आणि साखर यांची अभिक्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंग वास येतो. मेलार्ड या शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. पोळीवरचे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास हीही तिचीच करामत.

पाऊण तासाने झाकण काढले. पाव किंचित वाकडा होता, पण बुडावर टिचकी मारताच पोकळ आवाज आला. भाचीने पहिला तुकडा आजीला दिला. "गुरू कोण ते कळले मला," ती म्हणाली.

उरलेल्या निखाऱ्यांवर पोहे, तीळ आणि शेंगदाणे भाजून गुळाच्या पाकात घातले. पाक उकळताना त्यातले पाणी उडते आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. पाण्यात टाकलेला थेंब मऊ गोळी झाला, तर लाडू वळावेत. कडक होऊन कट्‌कन मोडला, तर चिक्की थापावी. वाटीभर पाणी हाच आपला तापमापक!

तुम्हीही करून पाहा. सारख्या वजनाचे पिठाचे दोन गोळे दोन पेल्यांत ठेवा, एक गार पाण्याने मळलेला, दुसरा कोमट. दर पंधरा मिनिटांनी उंची मोजून आलेख काढा. भाजताना मात्र घरातील मोठे माणूस जवळ हवे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: थंडी आहे म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. अंगणात, मोकळ्या हवेत भाजलेला पाव तितकाच खमंग लागतो.