जुन्या रौप्य नाण्याची पारख

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील एका शिलालेखात उषवदाताने भिक्खुसंघास दिलेल्या ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद आहे. पैकी २००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे शेकडा एक दराने ठेवून, त्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्या नहपानाची १३,००० हून अधिक रौप्य नाणी १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडली. अशा नाण्याचा दर्जा कसा ठरवावा, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम झीज व सदोष छाप यांतील भेद ओळखला पाहिजे. नाणे हातोहात फिरले की राजमुखाचा गाल, नाक व केस हे उंच भाग आधी गुळगुळीत होतात. ठसा नीट न बसल्यास मात्र अक्षरे अपुरी उमटतात किंवा काठाबाहेर जातात. असे नाणे अस्पष्ट असले तरी झिजलेले नसते. त्यामुळे केवळ लेख वाचता येत नाही, म्हणून त्यास हीन ठरवू नये.

जोगळटेंभीच्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने चैत्यचिन्ह व उज्जयिनी चिन्ह यांचे ठसे पुन्हा मारले आहेत. त्यांखाली नहपानाचा मुखवटा अर्धवट डोकावतो. अनभिज्ञास ही विद्रूपता वाटेल; परंतु क्षहरातांच्या पराभवाची साक्ष याच विद्रूपतेत आहे.

त्यानंतर पृष्ठभाग पाहावा. गंधकाच्या संपर्काने चांदीवर चढलेला एकसारखा काळसर थर स्वाभाविक असून तो पृष्ठभागाच्या अस्पर्शित स्थितीचा निदर्शक ठरतो. हिरवी पुटे चांदीत मिसळलेल्या तांब्याची असतात. एकाच दिशेचे बारीक ओरखडे व भडक चकाकी दिसल्यास नाणे घासले आहे असे समजावे. सर्वत्र सूक्ष्म बुडबुडे व कडेला सांधा असल्यास ते साच्यात ओतलेले बनावट नाणे असण्याचा संभव असतो.

म्हणून चिंच, राख वा रांगोळी यांनी नाणे उजळणे कटाक्षाने टाळावे. घासताना मळाबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि त्या पुन्हा मिळत नाहीत. जमिनीत नाणी सापडल्यास ती न धुता, न वाटता, १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीत. शिलालेखातील कार्षापण आपण वाचू शकतो. त्या काळाचे नाणे वाचता यावे, यासाठी ते आहे तसेच राखणे हे आपले कर्तव्य आहे.